टीडीएस मीटर ओके दाखवतो, तरी टँकमधले मासे का मरतात?

ओतूरला घरी मी ४० लिटरचा फिश टँक आणला आणि त्याच दिवशी ६ गोल्डफिश सोडले. आठवड्यात ४ गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ, टीडीएस मीटरचा आकडाही नेहमीचाच. मग बिघडलं कुठे? अमोनियात!

टीडीएस मीटर का फसवतो?
हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून क्षारांचा अंदाज देतो. त्यात अमोनिया किती, हे त्याला कळत नाही. त्यासाठी अमोनिया टेस्ट किट लागतं. रंग दिवसाच्या उजेडात, डोळ्यांनीच जुळवा. मोबाईलचा कॅमेरा रंग आपोआप बदलतो, त्यामुळे फोटोत पिवळा-हिरवा फरक चुकतो.

अमोनिया येतो कुठून?
मासे तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा सडूनही तो वाढतो. फिल्टरच्या स्पंजवरचे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मी एक दिवसही थांबलो नव्हतो.

पाण्यात अमोनिया साचला की माशाच्या रक्तातला बाहेर पडत नाही. कल्ले लाल होतात, मासा खाणं सोडतो, वर येऊन धापा टाकतो.

खरा खेळ पीएचचा
किट एकूण अमोनिया दाखवतं. २५ अंश तापमानात पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम ०.६ टक्के जास्त विषारी रूपात असतो. पीएच ८ ला सुमारे ५ टक्के, ९ ला ३५ टक्क्यांच्या आसपास. आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर निघाला!

शेततळ्यात रोहू-कटला असतील तर हे जास्त महत्त्वाचं. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच चढतो. म्हणून मोजणी दुपारीही करा. अमोनिया वाढलेला असताना चुना टाकू नका, त्याने पीएच आणखी वाढतो.

मासे धापा टाकत असतील तर
१. खाणं बंद करा.
२. टँकचं २५ ते ५० टक्के पाणी बदला. नळाचं असेल तर आधी अँटी-क्लोरीन टाका.
३. एअर पंप चालू ठेवा.
४. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

माझे उरलेले २ मासे यानेच वाचले. नवीन मासे आता किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच.