ऊब मोज्यात नसते

हिवाळ्याच्या पहाटे तासभर सायकल चालवणाऱ्या माणसाची पाठ घामाने ओली झालेली असते, मांड्या तापलेल्या असतात, आणि तरीही त्याच्या पायांची बोटे बधिर होऊन लाकडासारखी झालेली असतात. कानाला कानटोपी, हाताला हातमोजे आणि अंगाला वारा अडवणारे जाकीट मिळाले की बाकीचे शरीर थंडीशी जुळवून घेते. पाऊल तेवढे शेवटपर्यंत गार राहते. या तक्रारीवर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोज्यावर आणखी एक मोजा चढवणे, आणि बहुतेक वेळा त्यानेच पाऊल अधिक गारठते. हे कोडे उलगडायचे तर पावलाला मुळात ऊब कुठून मिळते, हे आधी पाहावे लागते.

शरीरातील उष्णता प्रामुख्याने काम करणाऱ्या स्नायूंमध्ये आणि यकृत, हृदय, मेंदू अशा सतत राबणाऱ्या अवयवांमध्ये तयार होते. सायकल चालवताना राबतात त्या मांड्या, नितंब आणि काही प्रमाणात पोटऱ्या. पाऊल मात्र बहुतांशी हाडे, ती बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरा यांचेच बनलेले असल्यामुळे त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी भट्टी जवळजवळ नसते. त्याला मिळणारी ऊब रक्ताबरोबर वरून येते, आणि मोजा किंवा बूट फक्त ती निसटू न देण्याचे काम करतो. तिजोरी कितीही मजबूत असली तरी तिच्यात आधी पैसा यावा लागतो, तसेच हे आहे.

हा पुरवठा थंडीत नेमका आटतो. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखणे ही मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक या भागाची जबाबदारी असते, आणि गाभा थंड होण्याची चिन्हे दिसताच तो हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करायला लावतो. तळहात, तळवे आणि बोटे यांच्या त्वचेत धमनीला थेट नीलेशी जोडणाऱ्या आखूड वाहिन्या असतात. उन्हाळ्यात त्या उघडून भरपूर रक्त कातडीजवळून फिरवतात आणि शरीर निववतात, तर हिवाळ्यात त्या जवळजवळ पूर्ण मिटतात. शिवाय पायात धमन्या आणि नीला शेजारी शेजारी असल्याने खाली जाणारे गरम रक्त आपली बरीचशी उष्णता वाटेतच वर परतणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकते. गाभ्याच्या दृष्टीने ही काटकसर शहाणपणाची आहे, पण तिची किंमत बोटे मोजतात.

त्यात आकाराची भर पडते. सोळा सेंटिमीटर व्यासाची मांडी आणि दोन सेंटिमीटर व्यासाचे पायाचे बोट यांची तुलना केली, तर तेवढ्याच आकारमानामागे बोटाचा उघडा पृष्ठभाग आठपट भरतो. मोठ्या पातेल्यातले वरण दुपारपर्यंत कोमट राहते आणि वाटीतले जेवता जेवता गार होते, त्यामागचा हिशेब हाच आहे.

चालणाऱ्याचे पाय सायकलस्वाराइतके गारठत नाहीत, याचे कारण सायकलवर पाऊल जवळजवळ स्थिर असते. चालताना टाच टेकते, चवडा वाकतो, बोटे रेटा देतात आणि प्रत्येक पावलागणिक तळव्यातील नीला दाबल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. पेडलवर मात्र चवडा एकाच जागी दाबलेला राहतो आणि कडक तळाच्या बुटात तो वाकतही नाही. याहून मोठा दोष बांधणीत आहे. घोट्याच्या आतल्या हाडामागे बोट टेकले तर तिथे नाडी लागते. दुसरी नाडी पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या कंडरेच्या किंचित बाहेर सापडते. पावलाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाटा या दोनच, आणि दुसरी वाट कातडीच्या अगदी खालून जाते. बुटाची वरची पट्टी किंवा लेस नेमकी तिच्यावरूनच आवळली जाते. अशा बुटात जाड मोज्यांचा दुसरा थर कोंबला की दाब वाढतो, रक्त कमी पोहोचते, आणि मोज्यातील ज्या हवेने ऊब धरून ठेवायची ती दाबाखाली पिळून निघून जाते. म्हणूनच बुटात बोटे मोकळेपणी हलवता येत नसतील, तर एक मोजा काढणे हाच पहिला उपचार ठरतो.

वाऱ्याचा हिशेबही इथे थोडा वेगळा आहे. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर पाण्याने भरलेले नळकांडे वाऱ्यात टांगून ते गोठायला किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारा सुटला की थंडी किती अधिक वाटते, हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा पाया त्यातून घातला गेला. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ साली स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार ६ अंश तापमानात ताशी २० किलोमीटर वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला सुमारे २ अंशांची थंडी जाणवते. हा आकडा उघड्या कातडीसाठी आहे. कोरडा बूट हवेच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, वाऱ्यामुळे तो त्या तापमानाला लवकर पोहोचतो इतकेच. मात्र पाऊल सायकलीबरोबर सरळ पुढे न जाता वर्तुळातही फिरत असते. पेडलची दांडी १७० मिलिमीटरची असेल आणि मिनिटाला ८० फेरे होत असतील, तर या फिरण्याचा वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर होतो. म्हणजे सायकल ताशी २० किलोमीटरने जात असताना वरच्या टोकाला पाऊल २५ च्या वेगाने वारा कापते आणि खालच्या टोकाला १५ च्या. पुढचा वारा सर्वांत आधी अडतो तो बुटाच्या नाकावर, आणि नाकातच बोटे असतात.

हिवाळी सायकलिंगची राजधानी म्हणवले जाणारे औलू हे शहर फिनलंडमध्ये ६५ अक्षांशावर, बोथनियाच्या आखाताच्या काठी वसलेले आहे. तिथे जानेवारीत सरासरी तापमान उणे ९-१० अंशांच्या आसपास असते, २०१३ साली पहिली हिवाळी सायकल परिषद तिथेच भरली, आणि तिथल्या मेत्सोकांगास या शाळेतील सुमारे बाराशेपैकी हजाराच्या घरात मुले उणे १७ अंशांतही सायकलने शाळेत येतात. सायकलमार्गांवरचा बर्फ सकाळी लोक बाहेर पडण्याआधी सारून-दाबून सपाट केला जातो, त्यामुळे चाक घसरत नाही. ही नगरपालिकेची करामत झाली. मुलांच्या पायांत पाहिले तर सायकलसाठी खास बनवलेले काहीही नसते. बर्फात खेळण्यासाठी वापरतात तोच ढगळ, जाड तळाचा हिवाळी बूट, आत लोकरीचा मोजा, सपाट पेडल, बेताचा वेग आणि थोडे अंतर, एवढ्यावर त्यांचे काम भागते.

याउलट महाराष्ट्रात उत्साही सायकलस्वार ज्या बुटांत गारठतात ते मुद्दाम, पुष्कळ पैसे मोजून घेतलेले असतात. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो, आणि त्याच पट्ट्यातून, तसेच पुण्याभोवती, थंडीच्या दिवसांत बीआरएमच्या फेऱ्या निघतात. ठरलेल्या मुदतीत २००, ३००, ४०० किंवा ६०० किलोमीटर अंतर कापायच्या या फेऱ्यांत ६०० किलोमीटरला ४० तास मिळत असल्याने एक तरी रात्र रस्त्यावर काढावीच लागते. त्यासाठी वापरला जाणारा बूट युरोपातील उन्हाळी शर्यतींच्या घडणीचा असतो: वर वारा खेळवणारी जाळी, तळाला छिद्रे, पायावर घट्ट बसणारा साचा. तळाशी क्लीट असते, म्हणजे पेडलमध्ये खट्कन अडकणारा धातूचा किंवा प्लास्टिकचा तुकडा, आणि तो मागेपुढे सरकवता यावा म्हणून तळात लांबट खाचा ठेवलेल्या असतात. बुटातील मऊ गादी उचलून पाहिली तर धातूच्या क्लीटची पट्टी आणि स्क्रू चवड्याच्या बरोबर खाली दिसतात; त्या जागेतून वारा आत शिरतो, पाणी येते, आणि धातू आपली उष्णता बाहेर वाहून नेतो. औलूतील शाळकरी मुलाचे पाय उणे १७ अंशांत शाबूत राहतात आणि निफाडच्या रस्त्यावर अधिक ६ अंशांत प्रौढाचे बधिर होतात, यात हवामानापेक्षा बुटाच्या निवडीचा दोष मोठा आहे.

उपाय त्यामुळे स्वस्तातलेच निघतात. गादीखालच्या खाचांवर जाड चिकटपट्टी लावावी, तळातील छिद्रे बुजवावीत, आणि जागा असेल तर पातळ नमद्याची किंवा फोमची गादी घालावी. त्यावर ओव्हरशू, म्हणजे बुटावरून चढवायचे आवरण, घातले की वारा अडतो. हे आवरण बहुधा निओप्रीनचे असते. पाणबुडे घालतात तो पोशाख याच रबराचा असून त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे उष्णता रोखतात. फक्त बोटांपुरते मिळणारे टोपडे महाराष्ट्रातील थंडीला पुरते. नाहीतर बुटाच्या पुढच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकची पिशवी आवळून बांधली तरी निभावते, दिसायला ती कशीही दिसो. नवा बूट घेणाऱ्याने तो संध्याकाळी, हिवाळी मोजा घालून, अर्धा ते एक माप मोठा घ्यावा. लांब रात्रीसाठी सपाट पेडल आणि ढगळ बूट वापरायला कमीपणा वाटण्याचे तर काहीच कारण नाही.

मोज्याच्या बाबतीत ओल हा खरा शत्रू आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि घामाने भिजलेला सुती मोजा पायाला चिकटून ओल्या फडक्यासारखा वागतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरीही स्पर्शाला कोरडी राहते, म्हणून एकच पण लोकरीचा, मध्यम जाडीचा मोजा दोन सुती मोज्यांना भारी पडतो. घरून निघतानाच पाय घामेजलेले नसणेही महत्त्वाचे असते. बूट-मोजे चढवून उबदार खोलीत पंधरा मिनिटे आवराआवर करणारा माणूस ओले पाय घेऊनच बाहेर पडतो. फार कडक थंडीत काहीजण पातळ मोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर जाड मोजा घालतात. घाम त्या आतल्या थरातच कोंडून जाड मोजा कोरडा ठेवणारी ही युक्ती लडाखसारख्या ठिकाणी उपयोगी आहे, पुण्यात तिने पाय नुसते चिपचिपीत होतील.

बाजारात मिळणाऱ्या उबदार पुड्यांत लोखंडाची भुकटी असते आणि ती हवेतील प्राणवायूशी संयोग पावून, म्हणजेच गंजून, तापते. घट्ट बुटात आणि वरून निओप्रीनच्या आवरणात हवाच पोहोचत नसल्याने पुडी नीट तापत नाही आणि विकणाऱ्याला दोष दिला जातो.

रक्त वरून येते हे एकदा लक्षात घेतले, की पायांची काळजी कंबरेपासूनच घ्यावी लागते. उघडे गुडघे आणि पोटऱ्या घेऊन वाऱ्यात जाणाऱ्याचे रक्त पावलापर्यंत पोहोचण्याआधीच गार झालेले असते, त्यामुळे पूर्ण लांबीची तुमान आणि घोटा झाकणारा मोजा यांचा उपयोग बोटांना होतो. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते हा समज खरा नाही, डोक्याचा वाटा साधारणपणे त्याच्या आकाराइतकाच असतो. पण छाती, पोट आणि डोके उबदार असतील तर अधश्चेतक पायांचा पुरवठा तोडण्याची घाई करत नाही. शर्यतींतले सायकलपटू घाट उतरण्याआधी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवत, ते यासाठीच. धूम्रपान टाळावे, कारण निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करते. पुढच्या चाकाचे लांब मडगार्ड हे तर पायांचे छप्परच आहे. जुन्या काळ्या सायकलीला ते असायचे आणि आजच्या झोकदार सायकलींनी ते दिसण्यापायी टाकून दिले, हा व्यवहार तोट्याचा झाला आहे. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा साध्या चपलांतही तग धरतो, कारण तो दर दोन मिनिटांनी उतरतो आणि जिने चढतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारानेही बोटे बधिर होऊ लागताच उतरून चारपाच मिनिटे सायकल हाती धरून चालावे, कारण पावलातला थांबलेला पंप सुरू करण्याचा दुसरा मार्ग नाही.

बधिरपणाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. बोटांच्या कातडीचे तापमान १० अंशांखाली गेले की स्पर्श कळेनासा होतो, वेदनाही थांबतात, आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. अशा वेळी ढाब्यावरच्या शेकोटीजवळ पाय शेकणे धोक्याचे असते, कारण भाजले तरी ते कळत नाही. कोरडे मोजे घालावेत, किंवा पाय हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात ठेवावेत, पण चोळू नयेत. लडाखच्या उंच खिंडींत, जिथे कातडी खरोखर गोठून हिमदंश होऊ शकतो, तिथे पुन्हा गोठण्याची शक्यता असेपर्यंत गोठलेला भाग वितळवूही नये आणि वैद्यकीय मदत गाठावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना आधीच कमी झाली आहे, त्यांनी थंडीतील लांब फेरीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि परतल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय डोळ्यांनी तपासावेत.

घरी आल्यावर ओलसर बूट हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर त्यांचा गोंद सुटतो. गादी बाहेर काढून आत वर्तमानपत्राच्या कागदाचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने बदलावेत. वाचून झाल्यावर ही पुरवणीही त्या कामाला चालेल.