सीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ

सोनी आणि फिलिप्स यांनी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये जपानी बाजारात आली, तेव्हाच्या अ‍ॅम्प्लिफायरना ट्यूनर व टेपडेककडून येणाऱ्या अर्ध्या व्होल्टच्या आतबाहेरच्या संकेताची सवय होती. सीडी प्लेअर मात्र कमाल पातळीला सुमारे २ व्होल्ट देतो. परिणामी आवाजाचे बटण जेमतेम पाव फिरले की खोली दणाणते, आणि नेमक्या याच सुरुवातीच्या टप्प्यात स्वस्त पोटेन्शिओमीटरचे, म्हणजे फिरत्या रोधकाचे, डावे-उजवे भाग नीट जुळत नसल्याने गायकाचा आवाज एका बाजूला सरकतो. अशा वेळी महागड्या केबलपेक्षा (तिचे कौतुक विक्रेत्यालाच अधिक) संकेत १० डेसिबलने घटवणारा, प्रत्येक वाहिनीला दोन रोधक असलेला साधा अ‍ॅटेन्युएटर अधिक उपयोगी पडतो. प्लेअर ‘फोनो’ जोडणीत मात्र कधीही लावू नये. ती रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असते.