साडेअकरा हजार आणि पावणेबारा लाख



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते आम्हांला नागरिकशास्त्र शिकवीत. मतदारसंघ हा शब्द आला, की ते खडूने वर्गाच्या फरशीवर एक रेघ ओढीत आणि दोन्ही बाजूंना एकेक प्रतिनिधी निवडायला सांगत. मग रेघ एक बाक अलीकडे सरकवून पुन्हा मतदान घेत. मुले तीच, मते तीच. निवडून मात्र कधी कधी दुसराच येई.

आपल्या इंदूर लोकसभा मतदारसंघाची रेघ अशी आहे : शहरातील क्रमांक १ ते ५ हे पाच विधानसभा मतदारसंघ आणि त्यांखेरीज राऊ, देपालपूर व अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला सांवेर. राऊ तर २००८ च्या पुनर्रचनेतून जन्माला आलेला. महू आपल्याच जिल्ह्यात, पण लोकसभेसाठी ते धारला जोडलेले. महूच्या माणसाला बाजारहाटाला इंदूर आणि खासदाराला धार!

या रेघेच्या आत आपण मराठी माणसे कधीच बहुसंख्य नव्हतो. होळकरांच्या राजधानीत आपले वाडे होते, गणेशोत्सव होते, शाळा होत्या. मतपेटीत मात्र माळवी आणि हिंदी बोलणारांचेच पारडे जड. तरीही या शहराने निवडलेली माणसे पाहिली म्हणजे मौज वाटते. पहिल्या दोन निवडणुका काँग्रेसने जिंकल्या. १९६२ साली होमी दाजी हे पारशी कुटुंबातले कम्युनिस्ट कामगार पुढारी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि खासदार झाले. त्या काळी हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, मालवा या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस चाले, आणि भोंगा ऐकून उठणारांची मते एकगठ्ठा पडत. १९६७ मध्ये प्रकाशचंद सेठी यांनी ती जागा काँग्रेसकडे परत आणली. १९७७ च्या लाटेत कल्याण जैन आले, १९८० मध्ये पुन्हा सेठी.

१९८९ ची निवडणूक मी जवळून पाहिली, कारण शिक्षक या नात्याने मतमोजणीचे काम माझ्या वाट्याला आले होते. एका बाजूला माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री सेठी. दुसऱ्या बाजूला चिपळूणचे माहेर असलेल्या, इंदूरच्या सूनबाई सुमित्रा महाजन. त्या उपमहापौर झालेल्या होत्या खऱ्या, पण १९८५ ची विधानसभा निवडणूक हरलेल्या. पन्नास-पन्नास मतपत्रिकांचे गठ्ठे बांधता बांधताच निकालाचा रोख आम्हांला कळला. त्या लाखावर मतांनी विजयी झाल्या. त्यांना ‘ताई’ म्हणणारांत मराठी घरे थोडीच होती. सारे शहरच त्यांना ताई म्हणू लागले. त्या लागोपाठ आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्यानंतर २०१९ मध्ये आलेले शंकर लालवानी सिंधी समाजाचे. पारशी, मराठी, सिंधी : जातीपातीचे गणित मांडणारांनी या यादीपुढे क्षणभर थांबावे.

या आठ विजयांपैकी मला सर्वांत बोलका वाटतो तो २००९ चा. काँग्रेसचे सत्यनारायण पटेल यांच्याविरुद्ध ताईंचे मताधिक्य होते अवघे ११,४८०. वीस वर्षे निवडून देणाऱ्या शहराने त्यांना जणू दारात उभे करून दोन प्रश्न विचारले आणि मगच आत घेतले. पुढल्या खेपेस, २०१४ मध्ये, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मताधिक्य साडेचार लाखांच्या पुढे गेले. देशभरच्या लाटेचा त्यात वाटा होताच. पण तो कौलही स्पर्धेतून आलेला होता.

आता २०२४ कडे वळतो. २९ एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने माघार घेतली आणि तो भाजपात गेला. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज आधीच छाननीत बाद झाला होता आणि नवा अर्ज भरण्याची मुदत सरली होती. एकच उमेदवार उरता, तर कायद्याप्रमाणे तो मतदानावाचून विजयी ठरला असता. त्याच महिन्यात सुरतेत तसे घडलेही. येथे इतर उमेदवार होते, म्हणून १३ मे रोजी मतदान झाले. काँग्रेसने ‘नोटा’चे बटण दाबण्याचे आवाहन केले. खुद्द सुमित्राताईंनीही या माघारीबद्दल आश्चर्य व्यक्त केले होते.

‘नोटा’ म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’. २०१३ पूर्वी ज्याला कोणालाच मत द्यायचे नसे, त्याला केंद्रावरील नोंदवहीत तसे लिहून सही करावी लागे, म्हणजे गुप्तता गेलीच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये ती अडचण दूर केली आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मध्य प्रदेशाने हे बटण पाहिले. मात्र त्याने निकाल बदलत नाही. ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवारच निवडून येतो.

लालवानींना १२,२६,७५१ मते पडली. ‘नोटा’ला २,१८,६७४ : मत देणाऱ्या दर सात जणांत एक. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, बसपचे संजय सोलंकी यांना, ५१,६५९. २०१९ मध्ये बिहारच्या गोपालगंजात ‘नोटा’चा जो विक्रम होता, तो ५१,६६० मतांचा, त्याहून एकच मत कमी! मताधिक्य ११,७५,०९२. हा आकडा मोठा आहे, खोटा नाही, आणि भाजपचा जोर येथे खराच आहे. पण ११,४८० या आकड्यावरून मला माझ्या शहराचे मन वाचता आले होते. पावणेबारा लाखांवरून ते वाचता येत नाही. ज्यांना दुसऱ्या बाजूला मत द्यायचे होते ते किती, हे त्या दिवशी कोणी मोजूच शकले नाही. मतदानाची टक्केवारीही २०१९ च्या मानाने घसरली. काही जण घरीच राहिले असावेत.

मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावला, तर कायदा मतदान पुढे ढकलतो आणि पक्षाला दुसरे नाव देण्यास सात दिवसांची मुदत देतो. उमेदवार माघार घेऊन निघून गेला, तर अशी सोय नाही. पक्ष दोन्ही वेळी सारखाच उमेदवाराविना राहतो आणि मतदारही.

आमच्या वर्गात एका वर्षी उजवीकडच्या बाजूने दोनच नावे आली होती. त्यांपैकी एकाने ऐन वेळी अंग काढून घेतले. का, ते आम्हां सर्वांना ठाऊक होते. मधल्या सुट्टीत दोन पेरू हातोहात पोचले होते. गुरुजींनी फळा पुसला, खडू खिशात टाकला आणि म्हणाले, “या बाजूची निवडणूक शनिवारी.”