घाटाच्या वर, घाटाच्या खाली

मुंबईत राहावं की पुण्यात, हा विषय मराठी घरांत गेली साठ वर्षं निघतो आहे. बोलताना दोन्ही गावांच्या स्वभावाचे दाखले दिले जातात. घर बदलायची वेळ आली की मात्र विचार होतो तो नोकरी कुठे आहे आणि जागा कितीला पडते याचाच. या साठ वर्षांत दोन्ही शहरं कशी बदलत गेली, ते याच दोन प्रश्नांच्या मागे गेलं की नीट दिसतं.

१९६०च्या सुमारास निवड फारशी अवघड नव्हती. गिरण्या, गोदी, बँका, विमा कंपन्या, सचिवालय हे सगळं मुंबईत; पुण्यात कॉलेजं, लष्कर आणि पेन्शनरांचे टुमदार बंगले. कमवायचं मुंबईत आणि म्हातारपण काढायचं पुण्यात, असा कित्येक मध्यमवर्गीयांचा बेत असे. पु. ल. देशपांडे यांचा जन्म मुंबईतला, बालपण पार्ल्यातलं आणि अखेरची वर्षं पुण्यातली. त्या पिढीत हा क्रम नवलाचा नव्हता.

मुंबईची खरी अडचण होती जागेची. गिरगावातल्या चाळीत ‘डबल रूम’ म्हणजे पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी आणि तिच्या शेजारी पाण्याचं पिंप. संडास गॅलरीच्या टोकाला. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना आधार हवाच होता. पण कायदा पुढे दशकानुदशकं तसाच राहिला. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाड्याने द्यायला नवी इमारत बांधायला कोणी पुढे येईना. मग राहिली पागडी. मुलगा लग्नाचा झाला की पोटमाळा काढायचा. तोही पुरेना झाला की खोली पागडीने दुसऱ्याच्या नावावर करून द्यायची, मालकाचा हिस्सा त्याच्या हाती ठेवायचा आणि उरलेल्या पैशांत डोंबिवली, विरार किंवा थेट पुणं गाठायचं. लालबाग-परळ-दादरची किती कुटुंबं अशी एकेक करून उठली, हे त्या वस्त्यांतल्या कुणालाही विचारावं.

पुणंही तोवर पेठांपुरतं राहिलं नव्हतं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठचे वाडे गेले आणि पूरग्रस्तांच्या वसाहती शहराबाहेर उभ्या राहिल्या. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४पासून होतीच; एमआयडीसी आल्यावर टेल्को आणि बजाज ऑटो आल्या आणि पिंपरी-चिंचवडला भोंग्यांवर दिवस सुरू होऊ लागला.

१९८२ हे वर्ष या मागोव्यात सगळ्यांत महत्त्वाचं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा मशीनवर उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. मुंबईतला कारखान्यातला पगार संपत असताना घाटावर तो मिळू लागला होता. गिरणगावाला त्या वेळी जो आधार मिळायला हवा होता, तो ना सरकारने दिला ना मालकांनी. ही खंत बाळगायलाच हवी.

घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत असा मधला मार्ग काढणारेही होते. १ जून १९३०ला सुरू झालेली डेक्कन क्वीन १९२ किलोमीटर सव्वातीन तासांच्या आसपास कापते, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे सहा तासांहून जास्त गाडीतच जातात. पासधारकांच्या डब्यात भाजी निवडून होते, हळदीकुंकू होतं, दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि १ जूनला केक कापला जातो. डायनिंग कारमधल्या ऑम्लेटवर कुणाकुणाची अख्खी नोकरी झाली. प्रवाशांनी या गाडीला जीव लावला, तसा क्वचितच कुठल्या गाडीला लावला असेल.

२००२मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, हिंजवडीत आयटी पार्क वाढलं आणि गणित उलटलं. हडपसरला मगर आणि शेजारच्या शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून न टाकता सुमारे ४०० एकर एकत्र केले आणि मगरपट्टा सिटी स्वतः उभारली. शहर वाढताना शेतकरी मालक म्हणून टिकला, याचं इतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं सापडणं कठीण. जनगणनेचे आकडेही बोलके आहेत. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ती ३५.५ लाखांवरून ४८.५ लाखांवर गेली. या वाढीत मुंबईकर होते, तसे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून शिकायला येऊन इथेच राहिलेलेही होते.

२०१८च्या केंद्र सरकारच्या राहणीमान निर्देशांकात पुणे देशात पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबरच्या रात्री त्याच पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने वीसहून अधिक माणसं नेली. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा ‘आपण उंचावर आहोत’ असं पुण्यात म्हटलं गेलं. ओढे बुजवल्यावर उंचीचा काय उपयोग?

पुण्याने खरी चूक केली ती वाहतुकीत. बसला वेगळी मार्गिका देणारी बीआरटी पुण्यात २००६मध्ये आली, देशात सर्वांत आधी. ती धड चालवली नाही. मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२मध्ये सुरू झाला. तोवर प्रत्येक घरात दोन-तीन दुचाक्या आल्या होत्या. २०२१मध्ये २३ गावं सामील होऊन पुणे महापालिका क्षेत्रफळात मुंबईहून मोठी झाली, पण पाणी आणि बस तिथवर त्या वेगाने गेल्या नाहीत. मुंबईची लोकल कितीही घुसमटवणारी असो, विरारचा माणूस चर्चगेटला कधी पोचेल हे सांगता येतं. वाघोलीहून हिंजवडीला निघालेल्याला ते सांगता येत नाही.

म्हणून आज घर शोधणाऱ्याने घाटाचा विचार नंतर करावा. टोकन देण्याआधी एका सोमवारी सकाळी नऊ वाजता त्या घरापासून कामाच्या जागेपर्यंत जाऊन पाहावं आणि मे महिन्यात सोसायटीत रोज किती टँकर येतात, ते वॉचमनला विचारून घ्यावं.