वॅट वाढवण्याआधी व्होल्ट मोजा

दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या स्प्लेंडरमध्ये किंवा बुलेटमध्ये घरच्या घरी काही सुधारणा करायची ठरली, की यादी बहुधा दोन वस्तूंपासून सुरू होते: पांढराशुभ्र एलईडी बल्ब आणि मागचा रुंद टायर. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दोन्ही सहज मिळतात. बल्ब घरी बदलता येतो, टायर पंक्चरवाला चढवून देतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी नवी दिसायला लागते. मात्र ती अंधारात आणि खड्ड्यांत खरंच सुधारली का, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तो मांडला तर असं दिसतं, की जुन्या गाडीचा उजेड आणि तिची चाल ढिली पडते ती मुख्यतः झिजेमुळे. ही झीज भरून काढली तर थोड्या पैशांत मोठा फरक पडतो. ती तशीच ठेवून वर नवी वस्तू चढवली, तर एक दोष झाकला जातो आणि दुसरा तयार होतो.

आधी दिव्याचं पाहू. आपल्याकडच्या 100 सीसीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत 35/35 वॅटचा एचएस-वन हॅलोजन बल्ब असतो. प्रमाणित व्होल्टेज मिळालं तर तो अप्परला सुमारे 825 आणि डिपरला 525 लुमेन उजेड देतो. अडचण त्या ‘मिळालं तर’ मध्ये आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. आणि दहा टक्के पडायला फार काही लागत नाही. 35 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण तीन अँपिअर करंट ओढतो. त्या वाटेत हँडलवरच्या स्विचचे काळवंडलेले पॉइंट, हेडलाइटच्या डोममधला गंजका कप्लर आणि रंगावर कसलेला अर्थिंगचा स्क्रू यांनी मिळून 0.4 ओमचा अडथळा निर्माण केला, की 1.2 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बल्ब कंपनीचा असतो, काच स्वच्छ असते आणि तरी रस्ता दिसत नाही. अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब लावला तर करंट वाढतो, करंट वाढला की त्याच अडथळ्यात आणखी व्होल्ट गळतात, आणि गळलेल्या विजेची उष्णता होऊन होल्डर वितळायला लागतो.

ही गळती शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. दिवा चालू ठेवून मीटरची एक तार पुरवठ्याच्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या होल्डरवर त्याच बाजूला टेकवली, की वाटेत किती व्होल्ट हरवले ते थेट आकड्यात दिसतं. अर्थिंगची बाजूही अशीच तपासायची. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटोच्या कॉइल प्लेटमधून येणाऱ्या एसी विजेवर चालतो. तिथे मीटर एसीवर ठेवायचा आणि इंजिनाला थोडी रेस द्यायची. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दुकानात जाण्याआधी सँडपेपर हातात घ्यावा. स्विचचे पॉइंट घासणं, कप्लरच्या पिना साफ करणं, अर्थिंगखालचा रंग खरवडून स्क्रू पुन्हा घट्ट बसवणं, एवढं काम कोणालाही जमतं. रिफ्लेक्टर पिवळा पडला असेल किंवा त्याची चकाकी उडाली असेल तर मात्र तो पुसून उपयोग नसतो. तिथे काच-रिफ्लेक्टरचा अख्खा सेटच बदलावा. जुन्या गाडीवर केलेला सगळ्यात सार्थ खर्च बहुधा हाच ठरतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हा दिवा नवा होता तेव्हाही जेमतेमच होता. 1994 साली स्प्लेंडर बाजारात आली तेव्हाचे रस्ते आणि आजचे रस्ते वेगळे आहेत. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या झगमगाटात 525 लुमेन पुरत नाहीत. मग 60/55 वॅटचा एच-फोर बल्ब का लावू नये? नंतरच्या बुलेटना तो कंपनीनेच दिला, तो डिपरला 1000 लुमेन देतो. पण त्या बुलेटचं वायरिंग आणि चार्जिंग त्या भाराचा विचार करून केलेलं असतं. 100 सीसीच्या गाडीची दिव्याची कॉइल 35 वॅट गृहीत धरून गुंडाळलेली असते. कॉइलची वायरिंग बदलून दिवा बॅटरीवर घेतला तरी अडीच अँपिअर-अवरची छोटी बॅटरी पाच अँपिअरचा भार एकटीने कागदावर अर्धा तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी वेळ ओढेल. सिग्नलला गाडी मंद चालू असताना चार्जिंग जवळपास नसतंच, तेव्हा हाच प्रसंग येतो.

एलईडीची बाजू याहून भक्कम आहे, आणि ती मान्य करायला हवी. एलईडी कमी वीज खाते, त्यामुळे वाटेतली गळतीही कमी होते. तिचा दोष दुसरीकडे आहे. हॅलोजनच्या डिपरची फिलामेंट रिफ्लेक्टरमध्ये ठरावीक जागी असते आणि तिच्याखाली धातूची छोटी वाटी असते. ती वाटी अर्धा रिफ्लेक्टर झाकते, म्हणूनच उजेड वर न जाता रस्त्यावर पडतो. एलईडीची चकती त्याच जागी, त्याच आकाराची नसेल तर उजेडाची ही कातरलेली कड विस्कटते. गाडीपुढचे दहा मीटर लख्ख दिसतात, लांबचा रस्ता तसाच अंधारात राहतो आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. जर्मनीत 2020 पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर परवानगी मिळू लागली, ती सरसकट मिळाली नाही. कोणता बल्ब कोणत्या मॉडेलच्या दिव्यात तपासला आहे, याच्या यादीनुसार मिळाली. चांगल्या बल्बलासुद्धा रिफ्लेक्टर जुळावा लागतो, हेच त्यातून दिसतं. त्यामुळे एलईडीच हवी असेल तर स्वतःची लेन्स असलेलं, मान्यताप्राप्त अख्खं युनिट घ्यावं आणि त्याला डीसी पुरवठा आहे याची खात्री करावी. थेट एसीवर तो दिवा लुकलुकतो.

चाकांची गोष्टही याच वळणाने जाते. जुनी गाडी खड्ड्यात आपटते, वळणावर डगमगते, ब्रेक लावल्यावर हँडल थरथरतं, तेव्हा दोष टायरच्या रुंदीवर ढकलला जातो. तपासणी मात्र मधल्या स्टँडवर गाडी उभी करून, चाक हाताने फिरवून सुरू व्हायला हवी. रिमला आऊट आहे का, चाक बाजूला हलवल्यावर बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो का, पाना किंवा पेन टेकवत गेल्यावर एखाद्या तारेचा आवाज इतरांपेक्षा बोदा येतो का, हे पाहायला दहा मिनिटं लागतात. हँडलचा कोनसेट खाचला असेल तर नवा टायरही गाडी सरळ धरणार नाही. टायरचं वय त्याच्या बाजूवर छापलेलं असतं: शेवटचे चार आकडे 2316 असतील तर तो 2016 च्या 23 व्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शिल्लक असूनही इतका जुना रबर कडक होतो आणि ओल्या डांबरावर पकड सोडतो. मूळ मापाचा ताजा टायर, त्यासोबत नवी ट्यूब, रिमवरची नवी पट्टी आणि झिजले असतील तर ब्रेक लायनर एवढ्यावर गाडीची चाल ओळखू येणार नाही इतकी बदलते.

रुंद टायरचं काय होतं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. 2.75-18 मापाच्या टायरचा व्यास साधारण 597 मिलिमीटर भरतो, 100/90-18 चा 637. पहिली अडचण रिमची: अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो आणि त्याचा माथा जास्त गोल होतो, त्यामुळे ज्या रुंदीसाठी पैसे मोजले ती रस्त्याला पुरती टेकतच नाही. दुसरी, चिमटा, चेन आणि मडगार्ड यांच्यातली मोकळी जागा संपते. तिसरी, चाक मोठं झालं की ड्रमने लावलेला तोच जोर रस्त्याशी कमी पडतो. चौथी अडचण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. व्यास 40 मिलिमीटरने वाढला म्हणजे गाडीची मागची बाजू 20 मिलिमीटर उचलली गेली. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असताना दिव्याचा झोत त्यामुळे सुमारे 1.6 टक्के खाली झुकतो. जमिनीपासून 90 सेंटीमीटर उंचीच्या दिव्याचा डिपर आधी एक टक्का खाली लावलेला असेल, तर त्याची वरची कड 90 मीटरवर जमिनीला भिडायची. आता ती 35 मीटरवर भिडते. ताशी 60 किलोमीटर वेगात माणूस ब्रेक दाबेपर्यंतच 20-25 मीटर जातात. म्हणजे दिव्याला हात न लावता, केवळ टायर बदलून, रात्रीची नजर आखूड झाली. उलट मागचे शॉकअप बसले असतील किंवा मागे माणूस बसला असेल तर झोत वर जातो. म्हणून चाकांचं काम आधी उरकावं आणि दिवा शेवटी लावावा: गाडीवर स्वार बसवून, भिंतीपासून पाच मीटरवर, डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा पाच ते दहा सेंटीमीटर खाली पडेल असा.

ट्यूबलेसचा आग्रह मात्र नुसता हौशीचा नाही. ट्यूब फुटली की हवा एकदम जाते, ट्यूबलेसमधून ती हळूहळू जाते. हा सुरक्षिततेचाच मुद्दा आहे. पण तारांच्या रिमला प्रत्येक निपलपाशी भोक असतं आणि टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा बहुधा नसतो. टेप किंवा सीलंट लावून भोकं बुजतात, उंचवटा तयार होत नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने अलॉय चाकं दिली असतील तर हब, ड्रम आणि ॲक्सलसकट तीच घेणं हा सरळ मार्ग आहे. बिननावाचे स्वस्त अलॉय पुष्कळदा तारांच्या चाकापेक्षा जड असतात, आणि खड्ड्यात तार जिथे वाकून धक्का खाते तिथे त्यांना तडा जाऊ शकतो.

कायदाही याच दिशेने बोलतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार मालकाने गाडीत असा बदल करू नये, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. ‘आजवर कोणी पकडलं नाही’ हे उत्तर अपघात होईपर्यंतच चालतं.

मग हे सगळं मेकॅनिकवर का सोडू नये? काही भाग सोडावाच. रिमचा आऊट काढणं आणि कॉइलला हात घालणं अनुभवाची कामं आहेत. मोजणं, साफ करणं, घट्ट करणं आणि झोत लावणं मात्र मालकानेच करावं, कारण गॅरेजमध्ये या वेळखाऊ कामांचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं आणि म्हणून ती कोणी करतही नाही. दुकानदार वस्तू विकू शकतो, गेलेले 1.2 व्होल्ट विकू शकत नाही. आधी मीटर, मग सफाई, मग मूळ मापाचे ताजे भाग आणि शेवटी झोत, या क्रमाने गेल्यावरही काही कमी वाटलं तर नक्की काय कमी आहे ते तोवर आकड्यात कळलेलं असेल. दुकानात तो आकडा घेऊन जावं, म्हणजे काय विकत घ्यायचं हे दुकानदार ठरवणार नाही.