मुसीच्या खोऱ्यातले अहवाल

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी हैदराबादेत शिरली आणि सुमारे पंधरा हजार माणसं दगावली. पुढच्याच वर्षी निजाम मीर महबूब अली खान यांनी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केलं. पुराचं कारण शोधताना त्यांनी सारा पाणलोट तपासला. खोऱ्यात ७८८ तलाव होते आणि त्यांतले २२१ फुटले होते. वरच्या तलावाचं पाणी खालच्यावर कोसळत ती साखळी शहरापर्यंत आली होती. त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला मोठे जलाशय सुचवले. १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर पुरा झाला, १९२७ मध्ये ईसीवर हिमायतसागर. एका अहवालातून दोन धरणं उभी राहिली. प्रदेशाच्या धोक्याचं मूल्यमापन कसं कामी येतं, याचा इतका स्वच्छ दाखला विरळाच.

आता हे शास्त्र बरंच पुढं गेलं आहे. आपत्ती किती तीव्र, तिच्या वाटेत कोण, आणि त्यांची तग धरण्याची कुवत किती, अशा तीन अंगांनी आज धोका मोजतात. हैदराबादच्याच केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘क्रीडा’नं, २०१९ मध्ये या चौकटीत देशातले ५७३ ग्रामीण जिल्हे तपासले. १०९ अतिधोक्याचे, तर २०१ जास्त धोक्याचे निघाले. निधी आधी कुठं जावा, हे ठरवायला अशी क्रमवारी हवीच. याच संस्थेच्या पुढाकारानं जिल्हावार आकस्मिक पीक आराखडेही झाले. पाऊस दोन, चार किंवा सहा आठवडे लांबला तर काय पेरायचं, हे त्यांत लिहिलेलं आहे. पण सुचवलेलं बियाणं त्याच आठवड्यात तालुक्याच्या दुकानात असेल, तरच मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्या पानाचा उपयोग.

दुसरी अडचण मोजमापाच्या आकाराची. १३-१४ ऑक्टोबर २०२० च्या पावसात हैदराबाद शहरात सुमारे १९ सेंटिमीटर नोंद झाली आणि शेजारच्या घटकेसरला ३२. जिल्ह्याच्या सरासरीत असा फरक बुजून जातो. बुडते ती वस्ती, आणि नकाशात रंग असतो जिल्ह्याला.

पण सर्वात मोठी तूट अंमलबजावणीतली आहे. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस पडून शहर बुडालं. त्यानंतर, २००३ मध्ये, किर्लोस्कर कन्सल्टंट्सच्या अहवालानं नाले रुंद करायला आणि त्यांवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. सतरा वर्षांनी पाणी पुन्हा त्याच अरुंद नाल्यांत तुंबलं आणि बालापूरचा गुर्रम चेरुवू हा तलाव फुटला. तलाव फुटून वस्त्या बुडतात, हे विश्वेश्वरय्यांनी शतकापूर्वी दाखवून दिलेलंच होतं. नाल्यांचा स्वतंत्र विकास कार्यक्रम राज्यानं हाती घेतला तो २०२० च्या पुरानंतर. म्हणजे धोका कागदावर होता, तरी हालचाल व्हायला आणखी एक पूर यावा लागला.

उलटा प्रवासही इथंच दिसतो. १९९६ च्या शासन आदेश क्रमांक १११ नं दोन्ही जलाशयांच्या भोवतालच्या ८४ गावांत बांधकामावर कडक बंधनं घातली होती. २०२२ मध्ये सरकारनं ती उठवली. पाणलोटात काँक्रीट वाढलं की पाणी जमिनीत कमी मुरतं आणि वाहून जास्त येतं. धोक्याचं गणितच बदलतं. अशा निर्णयाच्या आधी ते गणित नव्यानं मांडून लोकांपुढं ठेवणं, ही सरकारची पहिली जबाबदारी आहे.

म्हणून मूल्यमापनाची कसोटी त्यानं कोणता निर्णय बदलला, यावरच लागावी. प्रत्येक शिफारशीपुढं जबाबदार अधिकाऱ्याचं पद, रक्कम आणि मुदत असावी. प्रत्येक पुरानंतर पाणी प्रत्यक्ष कुठं शिरलं ते नकाशाशी ताडून पाहावं, आणि जिथं नकाशा चुकला तिथं तो दुरुस्त करून प्रसिद्ध करावा. या तपासणीत नाल्याकाठच्या रहिवाशांना बसवावं, कारण पाणी कुठल्या गल्लीतून आधी येतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अहवालावरून निर्णय घेणं हैदराबादला एकदा जमलं होतं. मराठवाड्यासह सगळ्या दख्खनला ते आता जमवावंच लागेल.