दार उघडताच होणारी कामे



साहित्याच्या व्यासपीठावर संगणकाचा विषय म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण विषय शेवटी शब्दांचाच आहे. आपण लिहून ठेवलेली आज्ञा आपल्या माघारी कोण वाचतो आणि केव्हा वाचतो, एवढेच मला सांगायचे आहे.

टर्मिनल म्हणजे पडद्यावरची एक साधी खिडकी. तिथे चित्रांवर टिचकी मारायची नसते, आज्ञा टाइप करायची असते. ती वाचणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ म्हणतात आणि यंत्रणेच्या गाभ्याला ‘कर्नल’; कवच आणि गर अशी ही जोडी. लिनक्सवर बहुधा ‘बॅश’ हे शेल असते. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले हे शेल १९८९ मध्ये आले.

रोज त्याच त्या आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा मात्र त्याहून जुना. १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये आज्ञांची यादी फाइलमध्ये लिहून ती एकदम चालवण्याची सोय झाली. तिचे नाव ‘रनकॉम’. त्यातले ‘आरसी’ आजही ‘बॅशआरसी’ या फाइलच्या नावात टिकून आहे.

आपल्या कामाच्या फाइल दोन: ‘प्रोफाइल’ आणि ‘बॅशआरसी’. दोन्हींच्या नावाआधी टिंब असते, म्हणून त्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. लॉगिन केले की पहिली एकदाच वाचली जाते. दुसरी प्रत्येक नवी टर्मिनल खिडकी उघडताना. दवाखाना उघडताना आपण दिवा एकदाच लावतो, केसपेपर मात्र प्रत्येक रुग्णागणिक काढतो, तसेच हे.

हा फरक मला ठेच लागूनच कळला. रुग्णांच्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जावी म्हणून मी आज्ञा ‘बॅशआरसी’त लिहिली. झाले, जितक्या खिडक्या तितक्या वेळा प्रत! मग ती ‘प्रोफाइल’मध्ये हलवली आणि निर्धास्त झालो. काही महिन्यांनी मूळ डिस्क बिघडली, तेव्हा कळले की प्रत निघणे केव्हाच थांबले होते. दुसऱ्या डिस्कचे नाव बदलले होते. आज्ञा रोज सकाळी चुकत होती, पण खिडकीच नसल्याने तिची तक्रार दिसणार कुठे? एका आजींनी विचारले, “डॉक्टर, मागल्या खेपेला कशानं बरं वाटलं होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून हे काम मी डोळ्यांसमोर करवून घेतो. उबुंटूमध्ये ‘स्टार्टअप अॅप्लिकेशन्स’ नावाची सोय आहे. लॉगिन होताच टर्मिनल उघडावे आणि त्यातच प्रत काढण्याची आज्ञा चालावी, अशी नोंद तिथे करता येते. यात एक मेख आहे. आज्ञा संपली की खिडकीही मिटते आणि संदेश वाचायचा राहतो. म्हणून आज्ञेच्या शेवटी अर्धविराम देऊन ‘एक्झेक बॅश’ लिहावे. खिडकी उघडीच राहते. आणखी एक पथ्य: या फाइलना हात लावण्यापूर्वी त्यांची प्रत काढावी, आणि बदल केल्यावर चालू खिडकी न मिटता दुसरी उघडून पाहावी.

आता रोज सकाळी ती खिडकी आपोआप उघडते. तिच्यातली शेवटची ओळ वाचल्याशिवाय मी पहिल्या रुग्णाला आत बोलावत नाही.